टॅपेट गप्प झालं म्हणून खूश होऊ नका: रेसिंग इंजिनाच्या व्हॉल्व्हबाबत या चुका टाळा

"काका, टॅपेटचा आवाज आपोआप गेला बघा. इंजिन बसलं आता." परभणीतल्या आमच्या गॅरेजात डर्ट रेसची गाडी लावता लावता एक पोरगं खुशीत सांगत होतं. फट मोजायचं पात्यांचं फिलर गेज घेतलं, तर सगळ्यात पातळ पातंसुद्धा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) फटीत जाईना.

टॅपेट म्हणजे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला, व्हॉल्व्ह ढकलणारा भाग. ते वाजतं तेव्हा तिथली फट वाढलेली असते. आपोआप गप्प होतं तेव्हा बहुधा सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडी, झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) आत सरकलेला असतो. फट संपली की तो पुरता बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर कडा जळणारच. म्हणून मला वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा मुक्या टॅपेटची भीती जास्त. फट इंजिन पूर्ण गार असतानाच मोजा. आमच्याकडे मे महिन्यात गार म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी, चहा पिऊन येईपर्यंतची नव्हे.

इंजिनाचे फेरे हद्दीबाहेर जाऊ न देणारा लिमिटर आहे म्हणून निर्धास्त राहणारेही खूप. लिमिटर स्पार्क किंवा पेट्रोल तोडतो, बस्स. वळणावर तिसरा गिअर टाकायच्या घाईत दुसरा पडला, की मागचं चाकच इंजिनाला फिरवतं. १२,००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला १०० वेळा उघडतो. स्प्रिंगच्या आवाक्याबाहेर गेलं की व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठतो.

हेड उतरवल्यावर पिस्टनवर चंद्रकोरीची खूण दिसली, तर नुसता वाकलेला व्हॉल्व्ह बदलून मोकळे होऊ नका. स्प्रिंगची मोकळी लांबी मोजा, गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) ढिलं झालंय का पाहा, कॅम फिरवणारी चेन एखादा दात सुटली का तेही तपासा. कॅम बदललाय किंवा हेड घासून घेतलंय? मग पिस्टनवर पोरांची खेळायची मऊ माती थापा, हेड कसून क्रँक हातानं दोन फेरे फिरवा, पुन्हा उघडून माती कापा आणि जाडी मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण पिस्टनपेक्षा स्वस्त.

हेड न उतरवता रोग शोधायचा तर आधी टॅपेटची फट नीट करा, पिस्टन कम्प्रेशनच्या टोकाला आणा, क्रँक फिरणार नाही असा धरा आणि प्लगच्या भोकातून कम्प्रेसरची हवा सोडा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट, थ्रॉटलकडून आली तर इनटेक, ब्रीदरमधून (इंजिनाच्या खालच्या भागाच्या हवेच्या नळीतून) आली तर पिस्टनच्या रिंगा गळतायत.

आपल्या ट्रॅकवरचा फुफाटा इनटेक व्हॉल्व्हची कड पॉलिश पेपरसारखी खातो. फिल्टर प्रत्येक रेसनंतर धुवा. टायटॅनियमचे व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासू नका, वरचा कोट जातो. सायलेन्सर मोकळा केला आणि जेटिंग (कार्बोरेटरमधून पेट्रोल किती जायचं ते ठरवणारी सेटिंग) तसंच ठेवलं, तर मिक्श्चर पातळ पडून एक्झॉस्ट भाजतो.

त्या पोराच्या गाडीत फट नीट करूनही हवा सायलेन्सरमधूनच निघाली. हेड खोललं, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढी काळी खाच.