'सुस्पिरिया' घरी दाखवायचा असेल तर

इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोचा 'सुस्पिरिया' (१९७७) हा भयपट मोबाइलवर पाहिलेला माणूस हमखास विचारतो, 'यात एवढं काय आहे?' त्याचं विचारणं चुकीचं नाही. अमेरिकेतली एक मुलगी जर्मनीतल्या फ्रायबुर्गला नृत्य शिकायला येते आणि त्या शाळेत काहीतरी अघोरी चाललेलं असतं. गोष्ट एवढीच, तीही जागोजागी उसवलेली. पण इथे भीती गोष्टीतून येतच नाही. लाल-निळ्या उजेडातून येते, कानात घुमणाऱ्या सुरांतून येते. रंग फिका पडला, आवाज बारीक झाला की हातात उरते फक्त ती उसवलेली गोष्ट. सांगलीतल्या साध्या घरात, आठ-दहा मोठ्या माणसांना हा सिनेमा नीट कसा दाखवायचा, ते पाहू. लहान मुलं नकोत. पहिल्या पंधरा मिनिटांतच अतिशय क्रूर खून आहे.

आधी प्रत तपासा. पूर्ण सिनेमा साधारण ९८ मिनिटांचा आहे. लांबी बरीच कमी दिसली तर प्रत कापलेली असू शकते. कॅमेरामन लुचानो तोव्होलीच्या देखरेखीखाली दुरुस्त झालेली ४के आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. जुन्या व्हिडिओ प्रतींमध्ये लाल रंग विटकरी झालेला दिसतो. भाषा इंग्रजी निवडा. इटलीत तेव्हा नट आपापल्या भाषेत बोलत आणि आवाज नंतर भरला जाई, त्यामुळे इटालियन प्रत 'अस्सल' आणि इंग्रजी 'डब' असा भेद इथे लागू पडत नाही. नायिका जेसिका हार्परचा स्वतःचा आवाज इंग्रजीतच आहे. बाकी बऱ्याच पात्रांचे ओठ आणि शब्द जुळणार नाहीत, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर लोक आवाज मागेपुढे झालाय असं समजून रिमोट मागतात.

आता खोली. आपल्याकडे भिंती पिस्ता, गुलाबी नाहीतर आकाशी असतात. पडद्यावरचा लाल उजेड त्या भिंतींवर आदळून परत पडद्यावर येतो आणि काळोख राखाडी होतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट गडद चादरी किंवा जुनी गर्द रंगाची लुगडी टांगली तरी फरक डोळ्यांना दिसतो. राउटर, इन्व्हर्टर, चार्जर यांचे बारके दिवे काळ्या चिकटपट्टीने झाका. देवघरातला लाल झिरोचा दिवा समोर येत असेल तर दार ओढून घ्या.

स्वस्तातला छोटा प्रोजेक्टर आणि ४३ इंची टीव्ही यांत निवड असेल तर टीव्हीच लावा. तसल्या प्रोजेक्टरला काळा रंग जमत नाही, आणि या सिनेमात निम्मी चौकट काळी असते. चांगला प्रोजेक्टर असेल तर गणित असं. सिनेमाच्या चौकटीची रुंदी आणि उंची २.३५ला १ आहे. आठ फूट रुंदीच्या चित्राची उंची सुमारे ३.४ फूट येते. प्रोजेक्टरचा उजेड मात्र साडेचार फूट उंचीचा पडतो. म्हणजे वर-खाली साडेसहा इंचांच्या करड्या पट्ट्या उरतात. तिथे काळं कापड ताणून लावा. एवढ्या एका गोष्टीने चित्र एकदम उठून दिसतं. बेडशीटचा पडदा करणार असाल तर मागे जाड गडद कापड हवंच, नाहीतर उजेड आरपार जातो. बसायला दहा-बारा फुटांचं अंतर ठेवा.

टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड पहिल्यांदा बंद करा. रंगाचा सिनेमा आहे म्हणून रंग वाढवावा असं वाटतं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. याचे रंग मुळातच ठासून भरलेले आहेत. तोव्होलीने कोडॅकच्या फिल्मवर चित्रण केलं, नटांच्या चेहऱ्यांच्या अगदी जवळ मोठे दिवे ठेवून त्यांच्यापुढे रंगीत कापडाच्या चौकटी धरल्या. मग रोमच्या टेक्निकलर प्रयोगशाळेत जुन्या पद्धतीने प्रिंट काढल्या. रंगीत कॅलेंडर छापताना एकेका शाईचा ठसा कागदावर एकावर एक बसतो ना, तसे तीन रंग फिल्मवर वेगवेगळे चढवायचे. ही पद्धत तेव्हा संपत आली होती. आर्जेंतोने नमुना म्हणून समोर ठेवला होता तो डिस्नेचा १९३७ सालचा 'स्नो व्हाइट'. अशा चित्रावर टीव्हीने आणखी रंग चढवला की लाल भाग फुटतो आणि आतला तपशील पुसला जातो.

म्हणून मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर', रंगछटा 'वॉर्म', शार्पनेस शून्य किंवा अगदी कमी. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, नॉइज रिडक्शनही बंद. नॉइज रिडक्शन फिल्मवरचा बारीक दाणा पुसतं आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात. मग तपासणी करा. नायिका पावसात टॅक्सीतून शाळेपाशी येते तिथे थांबा. शाळेची दर्शनी भिंत लाल आहे. तिच्यावरचं नक्षीकाम वेगळं दिसलं पाहिजे. नुसता लाल पट्टा दिसत असेल तर 'कलर' पाच-पाच अंकांनी खाली आणा. दुसरी जागा मुली तालमीच्या दालनात झोपतात ती. दिवे मालवल्यावर सगळं लाल होतं आणि टांगलेल्या चादरीमागे एक सावली दिसते. तिची कड स्पष्ट दिसली म्हणजे जमलं. दिसली नाही तर 'ब्राइटनेस' एक-दोन अंक वाढवा, जास्त नको.

आवाजाकडे याहून जास्त लक्ष द्या. गॉब्लिन या इटालियन बँडने आर्जेंतोबरोबर हे संगीत चित्रणाच्या आधीच तयार केलं होतं आणि सेटवर ते मोठ्याने वाजवलं जाई. नट त्या आवाजात वावरत होते. मूग कंपनीचा सिंथेसायझर आणि बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य यांच्या जोडीला त्यात आपला तबलाही आहे. ठेका ऐकून मोठे झालेल्या मराठी कानाला तो लगेच सापडतो, फक्त टीव्हीच्या पाठीमागच्या बारक्या स्पीकरमधून नाही. दोन साधे स्पीकर घ्या, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, एकमेकांपासून सहा-सात फुटांवर ठेवा. 'नाइट मोड' बंद. तो मोठा आवाज दाबतो आणि कुजबूज वर आणतो, म्हणजे नेमकं उलटं. स्लॅबच्या उघड्या खोलीत फरशीमुळे आवाज घुमतो. खाली सतरंजी अंथरा, मागच्या भिंतीला दोन गोधड्या लटकवा.

आवाज जुळवायला सिनेमाची सुरुवातच उत्तम. नायिका विमानतळाच्या सरकत्या दाराकडे चाललेली असते. दार उघडतं तेव्हा वाऱ्याबरोबर संगीत आत येतं, मिटतं तेव्हा थांबतं. ही उघडझाप अंगावर आली पाहिजे. टॅक्सीतलं बोलणं कळेल इतका आवाज ठेवा आणि पुढे संगीत चढलं तरी रिमोटला हात लावू नका.

पत्र्याच्या खोलीत जुलै-ऑगस्टमध्ये हा सिनेमा लावू नये. पत्र्यावरच्या पावसात काहीच ऐकू येत नाही. गच्चीवर लावायचा तर एप्रिल-मे बरा. आठला सुरू केला की पावणेदहाच्या आत संपतो. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, तेव्हा उशिरा सुरुवात नको. दिव्याचा प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर ठेवा. वीज एकदम गेली की पंखाही थांबतो आणि तापलेल्या दिव्याचं आयुष्य घटतं. आणि हे सगळं घरापुरतंच. सभागृहात जाहीर खेळ करायचा तर हक्कधारकाची परवानगी आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं.

मराठी सबटायटल तयार केली असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि लॅपटॉपवरून दाखवा. बऱ्याच टीव्हींच्या यूएसबी प्लेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात. अक्षरं फिकट करडी ठेवा आणि खालच्या काळ्या पट्टीत बसवा. तिथे कापड ताणलं असेल तर चित्राच्या खालच्या कडेवर घ्या. पिवळीधमक अक्षरं निळ्या चौकटीचा जीव घेतात.

खेळाआधी दोन मिनिटं बोला, जास्त नको. सांगलीकरांना समजावणं सोपं आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच 'सीता स्वयंवर' रंगवलं. त्या काळच्या नाटकांत राक्षसपार्टी 'अललल डुर्र' करत, राळेच्या भडक्यात रंगभूमीवर येई. तो राक्षस खरा वाटतो का, हे कुणी विचारत नसे; त्याचं येणं अंगावर यायचं. 'सुस्पिरिया'कडे त्याच नजरेने बघायला सांगा. रक्त कुंकवासारखं लालभडक आहे, ते मुद्दाम. मुलींचं बोलणं पोरकट वाटेल, त्याचं कारणही सांगा. आर्जेंतोच्या डोक्यात मूळ पात्रं लहान मुलींची होती. मोठ्या नट्या घेतल्यावरही संवाद तसेच राहिले, आणि दारांच्या मुठी उंचावर बसवल्या, म्हणजे त्या मुलींसारख्याच दिसाव्यात. हे कळलं की प्रेक्षक हसायच्या ऐवजी दारं बघू लागतात.

खाणं आधी उरका. मध्येच छतातून अळ्या पडतात, तेव्हा हातात पोह्यांची बशी नको. भडंग तर सिनेमा संपल्यावरच; अंध पियानोवादक रात्री कुत्र्यासह मोकळ्या चौकात थांबतो, तिथल्या शांततेत एक कुरकुर सगळं घालवते. मध्यंतर हवंच असेल तर तो प्रसंग संपल्यावर, आधी नाही. उशिरा येणाऱ्याला पहिल्या खुनानंतरच आत घ्या.

संपल्यावर दिवे लगेच लावू नका. विमानतळाचा प्रसंग पुन्हा लावा, एकदा आवाज बंद करून, एकदा 'कलर' शून्यावर आणून. दोन्ही मिळून पाच-सहा मिनिटं लागतात. 'यात एवढं काय आहे' असं विचारणारा कुणी बसला असेल, तर त्याला रिमोट द्या आणि रंग आणि आवाज त्यालाच परत आणू द्या.