स्टेंट टाकून घरी आलात, आता पुढची वर्षं कशी काढायची

बाबांना स्टेंट (हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची छोटी नळी) टाकून नऊ वर्षं झाली. डिस्चार्जच्या दिवशी मी डॉक्टरांना कोपऱ्यात गाठून विचारलेलं, "किती वर्षं धरायची हो?" ते म्हणाले मला नको, त्यांच्या गोळ्यांच्या डब्याला विचारा. तेव्हा राग आलेला, आता पटतं.

आधी हे डोक्यात बसवा की स्टेंट म्हणजे आजार गेला असं नाही. एक खड्डा बुजवलाय, रस्ता तोच आहे, बाकीच्या रक्तवाहिन्यांत चरबी साठणं चालूच राहतं. त्यामुळे फाईल काढा आणि टू-डी इकोमधला (हृदयाची सोनोग्राफी) ईएफ बघा, म्हणजे एका ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा. साधारण ५५ च्या वर असेल तर पंपिंग छान, ४० च्या खाली असेल तर जास्त जपायला लागतं. पण अ‍ॅटॅकनंतर लगेच काढलेला आकडा बघून रडत बसू नका, हार्ट तेव्हा दमलेलं असतं, दीड-दोन महिन्यांनी परत इको केला की बऱ्याच जणांचा आकडा वर येतो. मग किती नळ्यांत ब्लॉक आहेत, शुगर आहे का, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) किती, तंबाखू सुटली का, यावर पुढचं गणित ठरतं. (मिश्री पण तंबाखूच असते, आमच्या आत्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.)

आता गोळ्या. अ‍ॅटॅकनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या बहुतेक वेळा वर्षभर असतात, नंतर त्यातली एक चालू राहते. दात काढायचाय म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी कायमची. इथेच आमचं चुकलं. दुसऱ्या वर्षी कट्ट्यावरच्या एका काकांनी सांगितलं की त्या गोळीने लिव्हर जातं, झालं, बाबांनी गुपचूप बंद केली, डब्यातल्या गोळ्या कुंडीत. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६२ वरून थेट १२८. त्याआधीही एकदा ९६ आलेलं, रिपोर्टवर १०० च्या आत नॉर्मल असं छापलेलं म्हणून घरात सगळे खूश, पण ते चारचौघांसाठी असतं हो, ज्याला ब्लॉक आहेत त्याला ७० च्या आत आणि आता बरेच कार्डिओलॉजिस्ट ५५ च्या आत मागतात. बीपी १३० बाय ८० च्या आत.

पुण्यात असाल तर चालायला सुरुवात सारसबागेत करा, सपाट आहे, बसायला जागा आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, एवढा स्पीड बरोबर, आणि आठवड्याला १५० मिनिटं व्हायला हवीत. डिसेंबरच्या थंडीत पहाटे पाचला टेकडीवर जायची हौस नको, ऊन येऊ द्या.

खाण्याबद्दल सगळे सांगतातच, मी फक्त मिठाचं बोलतो. दिवसाला एक छोटा सपाट चमचा, त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. मिसळ कधीतरी चालते, तर्री दुसऱ्याला द्या.

आणि ज्यांना अ‍ॅटॅक आलेला नाही, नुसतं चालल्यावर छातीत भरून येतं, त्यांनी "लगेच स्टेंट टाका" ऐकून घाबरायचं नाही. २०२० साली आलेल्या इस्केमिया नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये, सुमारे ५००० पेशंट होते, अशा स्थिर आजारात नुसती औषधं घेणारे आणि स्टेंट किंवा बायपास केलेले यांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. छातीतलं दुखणं मात्र स्टेंटवाल्यांचं जास्त कमी झालं. डाव्या मुख्य नळीत मोठा ब्लॉक असलेले त्यात नव्हते, म्हणून आपण कुठल्या गटात बसतो ते विचारून घ्या, सेकंड ओपिनियन घ्यायला लाजू नका.

आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलाय: छातीत दुखलं की आधी खाली बसायचं, सॉर्बिट्रेटची गोळी (रक्तवाहिन्या सैल करणारी) जिभेखाली, पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८. नुसता घाम आणि दम लागला तरी, अ‍ॅसिडिटी म्हणून सोडा पीत बसायचं नाही. खाली रात्री पण कॅथलॅब (अँजिओग्राफी आणि स्टेंट करतात ती खोली) चालू असलेल्या जवळच्या हॉस्पिटलचा नंबर, आणि त्याखाली बाबांनीच पेनाने लिहिलंय, स्कूटरवर नेऊ नये.