खानदेशात रॉ डेनिम कशी धुवावी

रॉ डेनिम म्हणजे कारखान्यात न धुतलेली, कोरी डेनिम. तिला ‘सहा महिने पाण्याला लावू नका’ हा सल्ला थंड देशांतला आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने एकच रॉ जीन्स १५ महिने न धुता वापरली. २०११ साली तिच्यावरचे जंतू मोजले, मग ती धुऊन १३ दिवस वापरून पुन्हा मोजले, तर आकडे जवळपास सारखेच निघाले. असतील. पण तो राहायचा एडमंटनला. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, गाडीवर यावलपर्यंत जाऊन आलात तरी घामाचं मीठ कापडावर पांढरं उमटतं. त्यात काळ्या मातीची धूळ शिवणीत बसते, चालताना सूत घासत राहते आणि जीन्स जांघेत विरते. तेव्हा उन्हाळ्यात रोज वापरत असाल तर महिन्या-दीड महिन्याने धुवाच. हिवाळ्यात अजून थांबलं तरी चालतं. आणि कृपा करून ती फ्रीजरमध्ये ठेवू नका. थंडीने जंतू झोपतात, मरत नाहीत. घाम आणि माती तर जागची हलतसुद्धा नाही.

इंडिगो, म्हणजे जीन्सचा निळा रंग, पाण्यात विरघळत नाही. सूत रंगात बुडवून हवेत काढायचं, पुन्हा बुडवायचं, असे थर वरवर चढवलेले असतात. गाभा पांढराच राहतो. म्हणून या कापडाचा खरा वैरी पाणी नाही, घासणं आहे. ‘आधी मिठाच्या पाण्यात भिजव, रंग पक्का होतो’ हे प्रत्येक घरात कोणीतरी सांगतंच. मीठ, तुरटी, व्हिनेगर, कशानेही इंडिगो पक्का होत नाही. ब्रश आणि धोपाटणं मात्र मोरीतून आधी बाहेर काढा.

खिसे रिकामे करा, बटणं लावा, जीन्स उलटी करा.

आता भिजवणं. सगळी गोची इथेच आहे, मलाही हे नीट जमायला वेळ लागला. कोरी डेनिम पुठ्ठ्यासारखी कडक असते. ती बादलीत कोंबली की घड्या पडतात, त्या घड्यांच्या कडा घासल्या जातात आणि मांडीवर पांढऱ्या रेघा उठतात. त्या पुन्हा जात नाहीत. बादली नकोच. पसरट टब घ्या, नाहीतर मोरीचं तोंड बोळ्याने बंद करून तिथेच पाणी साठवा. जीन्स आडवी पसरा, तळव्याने दाबून आतली हवा काढा आणि वर पाण्याने भरलेल्या दोन-तीन बाटल्या ठेवा, नाहीतर ती तरंगते. दहा-पंधरा मिनिटांत खळ सुटून कापड नरम पडतं. मगच ती एकदा पालटा. एकूण पाऊण तास पुरे.

पाणी कोणतं, हे साबणापेक्षा महत्त्वाचं. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात साबण फेसाळत नाही, त्याचा चिकट थर कापडावर बसतो आणि निळा रंग राखाडी दिसायला लागतो. नळाला पाणी येईल तो दिवस यासाठी राखून ठेवा. बोअरशिवाय इलाज नसेल तर रिठा वापरा: आठ-दहा रिठे रात्री भिजत घाला, सकाळी कोळून गाळून घ्या. जड पाण्यात रिठ्याचा थर बसत नाही. शुभ्रतेची जाहिरात करणारी पावडर अजिबात नको.

धुणं सकाळी लवकर काढा. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देतं, आणि गरम पाण्यात डेनिम आटते. लेबलवर ‘सॅन्फोराइज्ड’ (कारखान्यातच आधी आटवलेली) असेल तर १ ते ३ टक्के आटेल, तेवढं चालतं. ‘अनसॅन्फोराइज्ड’ १० टक्क्यांपर्यंत आटते. ती घालायला लागण्यापूर्वीच एकदा मुद्दाम गरम पाण्यात भिजवून आटवून घ्या, आणि विकत घेतानाच तो हिशेब धरा.

साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत खळबळा. पाणी निळं येतच राहील, ते थांबायची वाट बघू नका.

पिळू नका, मशीनच्या स्पिनमध्येही टाकू नका. कमरेला चिमटे लावून सावलीत टांगा. आपल्या कोरड्या हवेत सावलीतही लवकर वाळते. वाळल्यावर कडक लागेल, पण इस्त्री नको. घालून थोडं फिरलात की सैल होते. सुरुवातीचे काही आठवडे रंग लागतच राहतो, तेव्हा पाहुण्यांकडे पांढऱ्या चादरीवर बसण्याआधी विचार करा.