नुसती साइट उघडली तरी घात होतो: ब्राउझरचा पॅच नीट कसा लावायचा

तारकर्ली-देवबागकडे होमस्टे चालवणारे, देवगड-रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या ऑनलाइन विकणारे, सातबारा आणि दाखले काढून देणारे, अशा सगळ्यांसाठी लिहितोय, कारण बहुतेकांच्या कंप्युटरवर एकच चित्र दिसतं, क्रोम उघडं, त्यात ढीगभर टॅब, व्हॉट्सॲप वेब, बुकिंग, बँक, कुरिअर ट्रॅकिंग, आणि वर उजव्या कोपऱ्यात अपडेटचं बटण कधीपासूनचं तसंच. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ता मगे बघूया, आधी पावती काढ." सीझनमध्ये हात रिकामा नसतो हे मान्य, पण हे काम खरंच पाच मिनिटांचं आहे आणि त्या कंप्युटरवर तुमची बँक उघडते.

आधी धोका काय ते बघू. आपल्याकडे समज असा की ओटीपी दिला किंवा काहीतरी डाउनलोड केलं तरच फसतो. तसं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी नावाच्या फॉरमॅटमधले फोटो उघडणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे ब्राउझरसकट अनेक ॲप वापरतात त्या तयार कोडमध्ये, चूक सापडली, मुद्दाम बिघडवलेला फोटो असलेलं पान उघडलं की मेमरीत ठरलेल्या जागेच्या बाहेर लिहिलं जायचं आणि तिथून हल्लेखोराला स्वतःचा कोड चालवायची वाट मिळू शकायची. क्लिक नाही, परवानगी नाही, फक्त पान उघडणं. ॲपलची सुरक्षा टीम आणि टोरोंटो विद्यापीठाची सिटिझन लॅब यांनी ते कळवलं, गूगलने ११ सप्टेंबरला क्रोम ११६ चा पॅच, म्हणजे चूक बुजवणारं छोटं अपडेट, सोडला, दुसऱ्याच दिवशी फायरफॉक्स ११७.०.१ आलं. आणि पॅच यायच्या आधीच कोणीतरी ती चूक वापरत होतं हेही गूगलने तेव्हाच सांगितलं होतं.

म्हणजे कंपन्या त्यांचं काम पटापट करतात. अडतं ते आपल्याकडे. क्रोम पॅच गुपचूप डाउनलोड करून ठेवतं, पण ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडल्याशिवाय तो लागत नाही. कौलं आणून पडवीत रचली म्हणून गळती थांबत नाही, ती छपरावर चढवावी लागतात, तसंच हे. आणि लॅपटॉपचं झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे, तो नुसता झोपतो, उघडला की तेच जुनं क्रोम पुढे चालू.

तर करायचं असं. क्रोममध्ये वर उजवीकडे तीन टिंबं, मग हेल्प, मग अबाउट गूगल क्रोम. ते पान उघडलं की क्रोम स्वतःच नवीन व्हर्जन शोधायला लागतं, असेल तर उतरवतं आणि रीलाँच असं बटण दाखवतं. ते दाबायच्या आधी अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर पूर्ण करून टाका, टॅब परत येतात पण फॉर्ममधलं लिहिलेलं जाऊ शकतं, आणि इनकॉग्निटोची खिडकी तर परत येतच नाही. रीलाँच झालं की पुन्हा त्याच पानावर जाऊन बघा, क्रोम अप टू डेट आहे असं लिहून आलं पाहिजे, हे दुसऱ्यांदा बघणं लोक गाळतात आणि तिथेच फसगत होते. एजमध्ये हेल्प अँड फीडबॅकखाली असंच पान आहे, फायरफॉक्समध्ये हेल्पमध्ये अबाउट फायरफॉक्स. रेंज कमी असलेल्या वाडीत डाउनलोड मध्येच तुटत असेल तर गावात चांगलं नेट असेल तिथून गूगलच्याच साइटवरून क्रोमचा ऑफलाइन इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर घ्या.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा. एखाद्या साइटच्या आत मोठ्ठा बोर्ड आला की "तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे क्लिक करून अपडेट करा", तर तो बोर्डच सापळा. खरं अपडेट ब्राउझरच्या मेनूतून येतं, पानातून कधीच येत नाही. सातबारा शोधताना गूगलवर वर जाहिरातीत दिसणाऱ्या दिसायला सरकारी वाटणाऱ्या साइटवरही हे लक्षात ठेवा.

आता विंडोज. अजून बऱ्याच दुकानांत विंडोज ७ चालू आहे आणि तिथे अबाउटचं पान उघडून काही उपयोग नाही, कारण त्यावर चालणारं शेवटचं क्रोम १०९, ते २०२३ च्या सुरुवातीचं, म्हणजे वर सांगितलेला वेबपीचा पॅचसुद्धा त्यात आपोआप यायचा नाही. अशा मशीनवर बँक आणि बुकिंग करू नका, प्रिंट काढायला ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन ११ घेत असेल तर ११ टाका, नसेल घेत तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी एनरोल करायचा, म्हणजे नोंदणी करायचा, पर्याय आहे, घरगुती वापरासाठी तो ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पावसात लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा विंडोजचं मोठं अपडेट बॅटरी फुल असताना किंवा इन्व्हर्टर चार्ज असतानाच सुरू करा.

मोबाइलवर सोपं आहे. प्ले स्टोअर, वरचा प्रोफाइल फोटो, मॅनेज ॲप्स, आणि तिथे क्रोमसोबत अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू पण अपडेट करा. हे दुसरं नाव कोणाला माहीत नसतं, पण कितीतरी ॲप आतल्या आत वेबपान उघडतात ते यातूनच.

ब्राउझर झाला म्हणजे सगळं झालं असं नाही. सिग्नल या मेसेजिंग ॲपच्या कंप्युटरवरच्या आवृत्तीसारखी अनेक ॲप स्वतःच्या पोटात क्रोमचं इंजिन घेऊन येतात, त्यामुळे वेबपीच्या वेळी प्रत्येकाला वेगळा पॅच लागला. झिप फाइल उघडायच्या विनरारचं तर त्याहून वाईट, ते आपणहून अपडेटच होत नाही. २०२३ मध्ये त्यात अशी चूक होती की झिपमधला साधा फोटो किंवा पीडीएफ उघडायला गेलं की मागून दुसरंच काही चालायचं, ती ६.२३ मध्ये बुजवली. पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या झिप तुम्ही रोज उघडता ना, मग विनरारमध्ये हेल्पमध्ये जाऊन व्हर्जनचा आकडा बघा, जुना असेल तर काढून नवीन टाका.

राहिला राउटर, आणि होमस्टेवाल्यांनी हे नीट वाचा. वाईट साइट तुमच्याच ब्राउझरला पुढे करून घरातल्या राउटरला हुकूम पाठवू शकते, आणि राउटरचं लॉगिन अजून ॲडमिन-ॲडमिनच असेल तर डीएनएस, म्हणजे साइटचं नाव कुठल्या कंप्युटरकडे न्यायचं ते ठरवणारं सेटिंग, बदलून टाकू शकते, मग तुम्ही बँकेचा पत्ता बरोबर टाकला तरी भलत्याच पानावर पोचू शकता, आणि वायफाय वापरणारे पाहुणेही. बहुतेक राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, नाहीतर राउटरच्या मागच्या स्टिकरवर बघा. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत जा आणि आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला, हा वायफायचा पासवर्ड नव्हे, तो वेगळा. मग फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपग्रेड करा, केबलने जोडून आणि राउटर इन्व्हर्टरवर ठेवूनच, फर्मवेअर चढत असताना लाइट गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. फायबर कंपनीने दिलेला राउटर असेल आणि आत जाता येत नसेल तर त्यांच्या माणसाला बोलावून समोर बसवून करून घ्या. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढा, तुमचा बिलिंगचा कंप्युटर त्यावर नको.

आणि हे सगळं करताना बँकेचं पान विचित्र दिसतंय किंवा तुम्ही न टाकलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, सापडलं असं झालं तर त्या मशीनचं नेट आधी तोडा, पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला, आणि पैसे गेलेले दिसले तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता यायची शक्यता जास्त.