उभ्याने चालवायची फोर्कलिफ्ट: या चुका टाळा

वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत गोदामात उंच रॅक आणि अरुंद गल्ल्या आल्या की उभ्याने चालवायची बॅटरीची फोर्कलिफ्टही येते. तिच्यावर चढणारा गडी बऱ्याचदा डिझेलच्या, बसून चालवायच्या गाडीवर तयार झालेला असतो. हाताला सवय आहे म्हणून त्याला त्याच दिवशी शिफ्टला लावतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

कारण ब्रेक उलटा आहे. बसायच्या गाडीत पेडल दाबलं की गाडी थांबते. उभ्या गाडीत बहुतेक वेळा पेडल दाबलेलं असेल तरच गाडी चालते, पाय उचलला की ब्रेक लागतो. समोर अचानक हमाल आला की जुन्या सवयीने माणूस पाय आणखी जोरात दाबतो, आणि गाडी थांबतच नाही. म्हणून मोकळ्या जागेत, माल न उचलता, पाय उचलून थांबायचा सराव अंगवळणी पडेपर्यंत करून घ्या. पेडलवर वीट ठेवणं किंवा ते तारेने बांधणं म्हणजे ब्रेकच काढून टाकणं. असं दिसलं तर सुपरवायझरने गाडी तिथल्या तिथे बंद करावी.

दुसरी सवय पाय बाहेर काढायची. गाडी रॅककडे सरकतेय असं वाटलं की माणूस पायाने अडवायला जातो. गाडीचं वजन टनांत असतं. रॅकचा खांब आणि गाडी यांच्यात सापडलेला पाय वाचत नाही. डोकंही आतच हवं. तंबाखू थुंकायला बाहेर वाकणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यांना हे स्पष्ट सांगा. मागे जाताना नजर मागे हवी, कारण रॅकची आडवी पट्टी थेट उभं राहायच्या जागेत घुसू शकते आणि छातीच्या उंचीवर वरचं छप्पर काहीच अडवत नाही.

गाडी कलंडायला लागली तर? बसायच्या गाडीत पट्टा लावलेला असतो. उडी न मारता आत घट्ट धरून बसायचं. मागून चढायच्या उभ्या गाडीत मागे पाऊल टाकून बाहेर पडायचं आणि गाडीपासून दूर व्हायचं. मॉडेलप्रमाणे सूचना बदलू शकतात, म्हणून आपल्या गाडीचं पुस्तक आधी वाचा.

वजनाच्या पाटीवर १,६०० किलो लिहिलं म्हणजे कुठल्याही उंचीवर १,६०० किलो नव्हे. तो आकडा मालाचं केंद्र फोर्कच्या (माल उचलणाऱ्या पुढच्या दोन पात्यांच्या) मुळापासून ठराविक अंतरावर, बहुधा ६०० मिलिमीटरवर, धरून दिलेला असतो. माल लांब असला किंवा मास्ट, म्हणजे फोर्क वर नेणारा उभा सांगाडा, उंच गेला की क्षमता घटते. कापसाची गाठ साधारण १७० किलोची. गाठी मोजून हिशेब करता येतो, तो करा. चालताना माल जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या आसपासच ठेवा. सांडलेलं सोयाबीन आधी झाडून घ्या, त्या दाण्यांवर चाक घसरतं.

आता बिघाडांचं. गाडी हलतच नसेल तर आधी लाल आपत्कालीन बटण दाबलेलं आहे का ते पाहा, मग पेडल, मग बॅटरी. गाडी चालते पण फोर्क वर जात नाही, असं असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरी उतरल्यावर उचलणं मुद्दाम बंद होतं, चार्जिंगला लावा. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, त्यामुळे लेड-ॲसिड बॅटरीचं पाणी लवकर आटतं. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर टाका, आधी भरलं तर उतू जातं. प्लेटा उघड्या दिसत असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढंच टाका. चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो, म्हणून खोली हवेशीर ठेवा आणि विडी-काडी बाहेरच ठेवा. बदलताना हलकी बॅटरी बसवू नका, तिचं वजन गाडीचा तोल सांभाळतं.

वर उचललेले फोर्क आपोआप हळूहळू खाली येत असतील तर सील किंवा व्हॉल्व्ह गेलेला असू शकतो. माल उतरवा, चावी काढा, ‘वापरू नये’ची पाटी लावा आणि मेकॅनिक येईपर्यंत फोर्कखाली कुणालाही उभं राहू देऊ नका.