औषधाच्या चाचणीत सहभागी होण्यापूर्वी
आपल्या आजारावरील चाचणी कोणत्या शहरात चालू आहे, हे ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या देशातील चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर आजाराचे नाव टाकून विनामूल्य पाहता येते, २००९ पासून तिथे चाचणीची नोंदणी सक्तीची आहे. केंद्र सापडल्यावर तेथील डॉक्टरांना आपले रिपोर्ट दाखवून पात्रता विचारावी.

संमतिपत्र मात्र मराठीतच मागावे, घरी नेऊन सावकाश वाचावे आणि एसटीचे भाडे व बुडालेली मजुरी मिळणार का, ते त्यात लिहिले आहे याची खात्री करूनच सही करावी, कारण गावाकडचा रुग्ण बहुधा याच खर्चापायी मागे राहतो. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई हा केंद्र सरकारच्या २०१९ च्या औषध-चाचणी नियमांनी दिलेला हक्क आहे.

जिल्ह्यातच केंद्र उभे राहिले, तर परिचारिकांना आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांनाही तिथेच काम मिळते. म्हणून जिल्हा रुग्णालयाकडे तशी मागणी लेखी करावी.