जुन्या लोखंडी खुर्च्यांना स्प्रे मारताय? या चुका टाळा

गच्चीतल्या लोखंडी खुर्चीचा रंग वर्षभरात पोपडे धरून सुटायला लागला, की निकाल ठरलेला असतो: स्प्रेचा डबा हलका निघाला. दुकानदारही मान डोलावतो आणि त्याहून महाग डबा काउंटरवर ठेवतो. तो घेण्याआधी सुटलेला एक पोपडा नखाने उचला आणि उलटा करून उजेडात बघा.

पोपड्याच्या पाठीला तपकिरी भुकटी चिकटून आली असेल, तर रंग गंजावर मारला गेला होता. पाठीला जुना रंग दिसत असेल, तर नव्या रंगाची काही चूक नाही; खालचा थर आधीच सुटायला आलेला होता आणि जाताना वरच्यालाही घेऊन गेला. पाठ कोरी आणि खाली लोखंड चकचकीत असेल, तर घासकाम झालेलं नाही किंवा तिथे तेलाचा अंश राहिला होता. आणि रंगाचा मोठा सलग पापुद्रा निघून खाली राखाडी पाइप, त्यावर पांढुरकी भुकटी दिसली, तर तो पाइप साधा लोखंडी नाही, जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा आहे. यातल्या एकाही कारणाचा डब्याच्या किमतीशी संबंध नाही.

गंज वरून घासला, खालून राहिला

सीटवरचा गंज सगळेच घासतात, कारण तो दिसतो. खुर्ची कुजते ती मात्र दोन जागी: वेल्डिंगच्या सांध्याखाली आणि पायाच्या टोकाला, रबरी बुचाच्या आत. पाइप पोकळ असतो. सांध्याच्या फटीतून पावसाचं पाणी आत शिरतं, पायात उतरतं आणि बुचामुळे तिथेच अडकून बसतं. त्यामुळे कामाला सुरुवात बुचं काढून करा. आतून काळपट पाणी किंवा गंजाच्या खपल्या पडल्या, तर खुर्ची उलटी करून उन्हात कडकडीत वाळवा. शंका असेल तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. ते आत गेलं, तर आधी वेल्डर, मग रंग. लांबी (पुट्टी) भरून भोक बुजवता येतं आणि दिसतंही छान, पण बसणाऱ्याचं वजन लांबी पेलत नाही. बूच परत बसवताना त्याला बुडाशी बारीक भोक पाडा. पाण्याला वाट मिळते.

घासताना आधी तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी १८० किंवा २२०. घट्ट बसलेला जुना रंग पूर्ण खरवडायची गरज नाही. त्याची चकाकी गेली आणि कडेला बोट फिरवल्यावर पायरी लागेनाशी झाली, की पुरे. नक्षीच्या खोबणीत पेपर पोचत नाही, तिथे रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचं टिकाऊ थरात रूपांतर करणारं रसायन लावा. तो सैल गंज पुसून काढल्यावर उरलेल्या पातळ गंजावर काम करतो. खपल्यांवर ओतून काही होत नाही.

समुद्राकाठी राहणाऱ्यांसाठी एक पायरी जास्तीची. अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी, आणि मुंबईत समुद्राकडे तोंड असलेल्या बाल्कन्या: इथे खुर्चीवर खाऱ्या हवेतलं मीठ बसलेलं असतं. घासण्याआधी ती गोड्या पाण्याने भरपूर धुवा. मीठ रंगाखाली राहिलं, तर ते ओलावा ओढून घेतं आणि गुळगुळीत रंगाला आतून फोड येतात. कितीही हात द्या, फोड येतातच.

जुन्या खुर्च्यांबद्दल आणखी एक. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग असेल, तर कोरडा घासून धूळ उडवू नका. वॉटर पेपरने पाणी लावून घासा, लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका, आणि काम झाल्यावर फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या. उघडं पडलेलं लोखंड मात्र लगेच कोरडं करा, नाहीतर तासाभरात त्यावर नवा गंज धरतो.

प्रायमर मारला, रंग पुढच्या रविवारी

रेड ऑक्साइडचा हात दिला की खुर्ची सुरक्षित झाली, हा समज फार पक्का आहे. प्रायमरचं काम रंगाला धरून ठेवणं. साधा रेड ऑक्साइड स्वतः पाणी बऱ्यापैकी झिरपू देतो. गॅलरीत आठ-दहा दिवस उघडा राहिला, की त्याच्याखाली गंज सुरू होतो, आणि तांबड्यावर तांबडा असल्यामुळे कळतही नाही. प्रायमर नीट वाळला की एक-दोन दिवसांत रंग चढवा.

जीआय पाइपला हा साधा प्रायमर चालत नाही. तेलाच्या जातीचा प्रायमर किंवा इनॅमल रंग आणि जस्त यांची हळूहळू रासायनिक क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो. सुरुवातीला सगळं उत्तम दिसतं, नंतर रंग सोलून निघतो. जीआय ओळखायचा कसा? करडा, चांदीसारखा रंग, बऱ्याचदा त्यावर स्फटिकांची नक्षी, आणि ओरखडा पडलेल्या जागी तांबडा गंज नसतो. त्यासाठी आणि अॅल्युमिनियमसाठी एच (etch) प्रायमर, म्हणजे अशा गुळगुळीत धातूवर पकड धरणारा प्रायमर मागा, वर अॅक्रिलिक स्प्रे मारा.

प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं थोडक्यात. त्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, आणि त्याला रंग धरतच नाही. प्लॅस्टिकचा वेगळा प्रायमर मिळतो. तो वापरला तर पाठ आणि पाय ठीक राहतात, सीट घासून उतरतेच. बसल्यावर पाय फाकणारी, उन्हाने ठिसूळ झालेली खुर्ची रंगवू नये, भंगारवाल्याला द्यावी. वेताच्या खुर्च्यांचं उलट आहे. विणीत ब्रश पोचत नाही, तिथे स्प्रेसारखं दुसरं काही नाही.

हवा बघितली नाही

आपल्याकडे ही कामं निघतात ती दोनदाच: दिवाळीच्या आधी, आणि मे संपताना, पाऊस तोंडावर आल्यावर. दुसरी वेळ स्प्रेसाठी वाईट.

मे महिन्याच्या दुपारी उन्हातली लोखंडी खुर्ची हाताला चटका देते. अशा तापलेल्या पाइपवर रंगाचा वरचा थर लगेच वाळतो आणि आतलं थिनर बाहेर पडताना फुगे करतं. शिवाय गरम वाऱ्यात रंगाचे थेंब खुर्चीवर पोचण्याआधीच अर्धे वाळतात. हात फिरवला की खरखर लागते आणि चकाकी येत नाही. अनेकांना वाटतं रंग कमी पडला, म्हणून ते आणखी मारतात. खरखर वाढते.

दमट हवेचा प्रकार वेगळा. रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावरच बसतं. काळा रंग वाळल्यावर धुरकट, पांढुरका दिसतो तो यामुळे. पावसाळ्यात हे हमखास होतं, आणि कोकणात थंडीतही सकाळच्या दवात होतं. अशी खुर्ची लगेच खरवडायला घेऊ नका. कोरड्या, उबदार दिवशी त्याच रंगाचा अगदी पातळ हात द्या. बहुतेकदा पांढुरकेपणा निघून जातो. राहिलाच, तर ४०० नंबरने हलकं घासून पुन्हा.

पाऊस संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे कोरडे दिवस, सकाळी दव उडाल्यानंतर दुपार तापायच्या आत, सावलीत: महाराष्ट्रात स्प्रेला यापेक्षा चांगली वेळ नाही. घाटावरच्यांना सवड जास्त मिळते, किनाऱ्यावरच्यांना थोडी कमी.

हात जवळ, बोट दाबून

ओघळ येतात ते डबा जवळ धरल्यामुळे किंवा एका जागी थांबल्यामुळे. अंतर २५ ते ३० सेंटीमीटर ठेवा. फवारा खुर्चीच्या बाहेर सुरू करा, पाइपवरून सरळ न्या, पलीकडे गेल्यावरच बोट सोडा. पहिल्या हातात खालचं दिसायलाच हवं. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा टिकतात. आधी खुर्ची उलटी करून खालची बाजू मारा, नंतर सुलटी. ओघळ आलाच तर ओला असताना बोटाने पुसायचा मोह आवरा. पूर्ण वाळू द्या, ४०० च्या वॉटर पेपरने सपाट करा, पुन्हा हात द्या.

रंगाला सुरकुत्या पडतात त्या मात्र दुसरा हात चुकीच्या वेळी दिल्यामुळे. पहिला हात वरून वाळलेला, आतून ओला असतो. त्यावर पुन्हा फवारा बसला, की नव्या थिनरने ती अर्धवट कातडी फुगते आणि दुधावरच्या सायीसारखी गोळा होते. म्हणून काही डब्यांवर दुसरा हात ‘एका तासाच्या आत, नाहीतर २४ किंवा ४८ तासांनंतर’ असं लिहिलेलं असतं. लोक मधली वेळ निवडतात, चहा-जेवण उरकून. तुमच्या डब्यावर जे लिहिलंय ते पाळा. जुन्या इनॅमलवर लॅकरचा (जहाल थिनरचा, झटकन वाळणारा) स्प्रे मारला तरी असंच होतं, तेव्हा आधी सीटच्या खालच्या बाजूला रुपयाएवढा ठिपका मारून तासभर थांबा.

बारीक गोल खड्डे पडले, तर तिथे तेल किंवा सिलिकॉनचा अंश आहे. दरवाजाच्या बिजागरीला मारायचा तेलाचा स्प्रे जवळपास वापरला असेल तरी एवढं होतं. थिनरच्या फडक्याने आधी पुसून घ्या, आणि पुसलेलं फडकं लगेच बदला, नाहीतर तेच तेल दुसरीकडे पसरतं.

डबा किती लागेल याचा अंदाज नेहमी चुकतो. ४०० मिलीच्या डब्यात साधारण एक ते दीड चौरस मीटरला एक हात होतो. पातळ पाइपच्या खुर्चीत बराचसा फवारा गजांमधून आरपार जातो. चार खुर्च्या आणि टेबल असेल, तर डब्यांचा हिशेब करून बघा. मोठ्या झोपाळ्याला तर पावडर कोटिंगवाल्याकडे (रंगाची पावडर भट्टीत भाजून बसवणाऱ्याकडे) विचारणं परवडतं.

आणि तो आरपार गेलेला फवारा कुठे जातो? सोसायटीच्या गच्चीवर शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर आणि खाली लावलेल्या गाड्यांच्या काचांवर. वारा असेल तर काम पुढे ढकला. मागे आणि बाजूला जुनी चादर टांगा. एन९५ मास्क रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही, आणि कापडी मास्क तर कणही नीट अडवत नाही; खोलीत किंवा बंद बाल्कनीत मारायचंच नाही.

हाताला रंग लागत नाही म्हणजे तो पक्का झाला असं नाही. आतून घट्ट व्हायला आठवडाभर द्या. दुसऱ्याच दिवशी गादी टाकून पाहुणे बसवले, तर गादीच्या कापडाची वीण सीटवर उमटते.

उरलेला डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबा, म्हणजे नोझल तुंबत नाही. तो गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका: आत ज्वालाग्राही वायू दाबाखाली असतो, आणि ५० अंशांपुढे नेऊ नका ही सूचना डब्यावर छापलेली असते. मेमध्ये बंद गाडी त्यापुढे सहज जाते.